शाळेत तुमच्याशी कोण बोलत होतं? कर्णबधिर आणि बधिरांध मुलांच्या शाळेचे अनुभव

ओंजळ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका मुलीचा मेसेज आला. तिच्या तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे नुकतंच कळलंय. "तू दोन्हीकडे शिकलीस ना? मग सांग, नेहमीच्या शाळेत घालू की कर्णबधिरांच्या?" उत्तर लिहायला बसले आणि चार वेळा खोडलं. म्हणून इथे धागा काढतेय. आधी माझं सांगते, मग तुमचं ऐकायचंय.

मी जन्मापासून कर्णबधिर. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. यंत्रामुळे आवाज येतो, पण आलेल्या आवाजातून शब्द हाती लागेलच असं नाही. सातवीपर्यंत नेहमीच्या शाळेत होते, आठवीपासून कर्णबधिरांच्या निवासी शाळेत.

पहिल्या शाळेतला एक प्रसंग अजून पुसला जात नाही. श्रुतलेखन चालू होतं. बाई बाकांच्या ओळींमधून फिरत शब्द सांगायच्या. त्यांचं तोंड माझ्या बाजूला असेपर्यंत दोन शब्द मिळायचे, मग त्यांची पाठ. मी पहिल्या बाकावर, मागे वळले की "पुढे बघ". मग शेजारणीच्या वहीत बघणं आलं. त्या दिवशी तिने 'आशीर्वाद'ऐवजी 'आर्शिवाद' लिहिलं. मीही तेच लिहिलं. बाईंनी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. 'आशीर्वाद' मला बरोबर लिहिता येत होता हो. पुस्तकात कितीदा वाचला होता. पण बाईंनी कुठला शब्द सांगितला हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, हा दुसराच कुठला तरी शब्द असेल, मला न आलेला. म्हणून अक्षर न अक्षर उतरवला.

लोक म्हणतात, "तुला ओठ वाचता येतात ना?" आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता म्हणा: पारा, बारा, मारा, भारा. ओठ चारही वेळा तसेच हलतात. 'काय' आणि 'गाय' यांत तर फरक घशाजवळ पडतो, बाहेर काहीच दिसत नाही. ओठवाचन म्हणजे निम्म्याहून जास्त अंदाज. अंदाज बांधायला आधी भाषा यावी लागते आणि भाषा यायला आधी ती कुठून तरी मिळावी लागते.

तर मी मान डोलवायला शिकले. "समजलं?" मान. "काही अडचण?" मान, आडवी. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा: शांत, आज्ञाधारक मुलगी. मी घरी पुस्तक वाचून अभ्यास करायचे, त्यामुळे मार्क चांगले पडायचे आणि सगळे म्हणायचे, हिचं उत्तम चाललंय. मधल्या सुट्टीत मुलींचा घोळका एकदम हसायचा. मी विचारायचे, काय झालं? "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर सात वर्षांत एकदाही आलं नाही. पाचवीनंतर मी विचारणंच सोडलं.

निवासी शाळेतली पहिली संध्याकाळ. एका मोठ्या खोलीत साठ-सत्तर मुली आणि प्रत्येकीचे हात चालू. मला एक खूण येत नव्हती. तिसरीतल्या एका चिमुरडीने माझं बोट धरून शिकवायला सुरुवात केली. महिन्याभरात कधीतरी पलंगावर बसलेले असताना समोरच्या दोघी आपसात बोलत होत्या, एकीच्या मोठ्या बहिणीचं लग्न मोडलं त्याबद्दल. माझ्याशी काही संबंध नाही, मला कोणी सांगत नव्हतं, आणि तरी मला कळलं. मी तेरा वर्षांची होते. दुसऱ्यांचं बोलणं जाता-येता कानावर पडतं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी डोळ्यांनी समजलं.

पण हेही खरं की आठवीच्या वर्गात पाचवीचं गणित चालू होतं. बहुतेक शिक्षकांना खुणा जेमतेम यायच्या. ते तोंडाने बोलत, आम्ही एकमेकींना विचारत असू. माझी दोन वर्षं अभ्यासाच्या नावाने वाया गेली. एका शाळेत पुस्तकं मिळाली, दुसरीत माणसं.

तुमचे अनुभव लिहा. बधिरांध, म्हणजे ऐकणं आणि दिसणं दोन्ही कमी असलेल्या मुलांबद्दल कोणी लिहिलं तर फार बरं होईल. तिथलं मला जवळपास काहीच माहीत नाही.

~

दुसरा_बाक

"नंतर सांगते" वाचलं आणि पुढे जाता येईना. माझा भाऊ कर्णबधिर आहे. शाळा राहू दे, घरी रात्री सगळे एकत्र बसलो की हेच. तो एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि मी किती वेळा म्हटलं असेल, "काही नाही रे, असंच." ओंजळताई, मी आजच त्याला विचारलं, तुला तेव्हा कसं वाटायचं. तो म्हणाला, "तुम्ही सगळे टीव्ही बघताय आणि माझ्याकडे पडद्याची मागची बाजू आहे, असं."

~

कवडसा

धागा मनापासून लिहिलाय, पण एक दुसरी बाजूही यावी असं वाटतं. माझ्या मुलीला चौदाव्या महिन्यात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, केलं. आज ती पाचवीत आहे, नेहमीच्या शाळेत. बोलते, भांडते, वर्गात हात वर करते. हे आपोआप झालेलं नाही. पहिली चार वर्षं आमचं घर म्हणजे ऐकण्याचा वर्ग होता. मिक्सर लागला की थांबून "ऐक, काय वाजलं?", दार वाजलं की तेच. मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र तिच्या ऐकण्याशी जुळवून घेण्याच्या, फेऱ्या, थेरपी, रोजची वही. वर्गात बाईंच्या गळ्यात छोटा माइक असतो, त्याचा आवाज थेट तिच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेरून लावायच्या भागात, जातो. हा माइक नसेल तर तीस मुलांच्या गोंगाटात तिलाही शब्द सुटे करता येत नाहीत.

तिला खुणांची भाषा शिकवू नका असं आम्हाला सांगितलं होतं, आम्ही शिकवली नाही. त्याचा पश्चात्ताप नाही. प्रत्येक मुलाने विशेष शाळेत जावं असा सूर निघू नये, एवढंच.

~

ओंजळ

कवडसा, तुमच्या मुलीबद्दल वाचून खरंच आनंद झाला. तुमच्या मेहनतीतलं एक अक्षरही मी कमी करणार नाही. फक्त एक विचारते. रात्री प्रोसेसर काढून ठेवल्यावर, पोहताना, किंवा मशीन दुरुस्तीला गेलेलं असताना तिच्याशी कसं बोलता?

~

कवडसा

जवळ जाऊन, हळू बोलून. आणि खरं सांगायचं तर आम्ही घरातल्या घरात काही खुणा बनवल्यात. पाणी, झोप, पुरे, ये इकडे. गेल्या वर्षी प्रोसेसर नऊ दिवस बंद होता. ती शाळेत गेली नाही. तुमच्या प्रश्नावर विचार करतोय.

~

उंबरठा

बधिरांध मुलांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला चार्ज सिंड्रोम आहे. साधारण दहा हजार जन्मांत एखाद्या मुलाला होतो. ऐकू फार कमी येतं, एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला समोरचं थोडं दिसतं, वरच्या भागात काहीच नाही. तोलही जातो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग घडलेलाच नाही, त्यामुळे ताठ बसणं हेच त्याच्यासाठी काम आहे. पहिल्या शाळेत सारखी तक्रार यायची, "हा वर्गात जमिनीवर आडवा पडतो, शिस्त नाही." तो आडवा पडून डोकं स्थिर करायचा, कारण तेव्हाच त्याला हातातलं चित्र नीट बघता यायचं. हे आम्हालाच कळायला वर्ष गेलं.

आधी अंध मुलांच्या शाळेत गेलो. तिथे सगळं बोलून शिकवतात. ते म्हणाले, याला ऐकू येत नाही, आमच्याकडे जमणार नाही. मग कर्णबधिरांच्या शाळेत. तिथे सगळं दाखवून शिकवतात. ते म्हणाले, याला दिसत नाही. नेहमीच्या शाळेने फॉर्मच दिला नाही. एका बाईंनी फार प्रेमाने सांगितलं, "अहो, घरीच ठेवा, सुखी राहील." सुखी राहील! तो दिवसभर दिव्यासमोर बोटं हलवत बसायचा. त्याच्यापर्यंत दुसरं काही पोचतच नव्हतं.

लोकांना वाटतं ऐकणं कमी अधिक बघणं कमी, एवढीच बेरीज. तसं नाही हो. कर्णबधिर मूल डोळ्यांनी भरून काढतं, अंध मूल कानांनी. याला दोन्हीकडून भरून काढता येत नाही. त्याचं जग हात पोचतो तिथे संपतं. तुम्ही खोलीतून निघून गेलात हे त्याला कळतही नाही. आई होती, आई नाही, मधलं काही नाही.

आता आम्ही जिथे जातो तिथे सहा मुलं आहेत आणि मुलागणिक एक शिक्षिका. तिथे पहिली तीन आठवडे काही 'शिकवलं' नाही. बाई रोज त्याच्या शेजारी बसायच्या आणि मनगटातलं जाड लाकडी कडं त्याच्या हाताला लावायच्या. बस. ते कडं म्हणजे त्यांचं नाव. दुसऱ्या बाईंच्या बोटात मोठ्या खड्याची अंगठी, ते त्यांचं नाव. एके दिवशी त्याने स्वतःहून हात पुढे करून मनगट चाचपलं, कडं लागलं आणि हसला. "कोण आहे" हा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

दिवसाचं वेळापत्रक म्हणजे कप्प्यांची एक लांबट पेटी. पहिल्या कप्प्यात चमचा, म्हणजे जेवण. दुसऱ्यात दोरीचा तुकडा, म्हणजे झोका. तिसऱ्यात टॉवेल. एक काम झालं की ती वस्तू 'संपलं'च्या टोपलीत टाकायची. ही पेटी येण्याआधी त्याला कोणीही कधीही उचलून कुठेही न्यायचं, आणि तो ओरडायचा, चावायचा. तुम्हाला न सांगता कोणी दिवसातून वीस वेळा उचलून नेलं तर तुम्ही काय कराल?

आणखी एक. त्याचा हात धरून त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही, हे आम्हाला तिथे शिकवलं. आपला हात खाली आणि त्याचा आपल्या हातावर. मग तो आपल्या हाताबरोबर येतो, हवं तेव्हा सोडून देतो. हात हे त्याचे डोळे आहेत. दुसऱ्याचे डोळे धरून आपण फिरवत नाही ना.

एवढं सगळं असूनही त्याला वर्गात मित्र नाही. सहाही मुलांचं सगळं बोलणं मोठ्यांशीच होतं. ओंजळताई, तुमच्या मधल्या सुट्टीचा प्रश्न आमच्याकडेही तोच आहे.

~

दुसरा_बाक

उंबरठा, तो कड्याचा प्रसंग मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

~

सांजवाट

उंबरठा यांच्या मुलापेक्षा माझी गोष्ट वेगळी आहे. मला अशर सिंड्रोम आहे, पहिल्या प्रकारचा. जन्मतः पूर्ण कर्णबधिर, चालायला उशीर, आणि रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, हळूहळू खराब होत जातो. आधी रात्रीचं दिसत नाही, मग बाजूचं जातं, आणि नळीतून बघितल्यासारखं मधलं उरतं. हे मला आता सांगता येतं. शाळेत असताना मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी कर्णबधिरांच्या शाळेत वाढलो आणि दहा वर्षांचा होईपर्यंत तिथे राजा होतो. आईवडीलही कर्णबधिर, त्यामुळे खुणांची भाषा माझी मातृभाषा. वर्गातल्या निम्म्या मुलांना मीच धडे समजावून सांगायचो. मग संध्याकाळी गडबड सुरू झाली. मैदानावर दिवे लागायच्या वेळी कोणी हाक मारायचं, म्हणजे हात हलवायचं, आणि मला दिसायचं नाही. मुलं म्हणायला लागली, याला गर्व झालाय, मुद्दाम बघत नाही. फुटबॉलमध्ये बाजूने आलेला चेंडू चुकायचा. शिक्षक म्हणाले, लक्ष नाही. चौदाव्या वर्षी एका डॉक्टरांनी आईवडिलांना कागदावर लिहून सांगितलं. त्यांनी मला सांगितलं सोळाव्या वर्षी. मधली दोन वर्षं मी स्वतःला वेंधळा समजत होतो.

कर्णबधिर मुलाला "तुझी दृष्टी जाणार" असं सांगायची कोणाची हिंमत होत नाही, ते मी समजू शकतो. पण न सांगण्याची किंमत मुलगा भरतो. मला ब्रेल दहाव्या वर्षी शिकवलं असतं तर सोपं गेलं असतं. एकोणिसाव्या वर्षी, उरलेली दृष्टी डोळ्यांदेखत जात असताना ठिपके चाचपायला शिकणं म्हणजे रोज एकदा रडणं.

एका मित्राबद्दल लिहायलाच हवं. मोठमोठे हात करून खुणा करायचा तो, सगळ्या वर्गात त्याचे हात सर्वांत लांब जायचे. माझं कळल्यावर त्याने काही न बोलता हात आवळून घेतले. छातीसमोर, वीतभर जागेत बोलायला लागला, माझ्या नळीत मावेल इतकं. गडद रंगाचा शर्ट घालायचा, हात उठून दिसावेत म्हणून. पुढे तेही दिसेना तेव्हा त्याने माझे हात उचलून आपल्या हातांवर ठेवले आणि तसाच बोलत राहिला. स्पर्शखुणा मी कुठल्या वर्गात शिकलो नाही, अशा शिकलो.

शाळेत कर्णबधिर मुलांचे डोळे दरवर्षी तपासत जा. सगळ्यांचे. माझं एवढंच मागणं आहे.

~

वाटसरू

मी साठीला आलोय. आमच्या शाळेत खुणा करायला बंदी होती. नाव कर्णबधिरांची शाळा आणि भाषा फक्त तोंडाची. वर्गात दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायचं. खूण केली तर पट्टी बोटांच्या पेरांवर. 'क' म्हणताना गुरुजींच्या गळ्याला हात लावायचा, मग आपल्या गळ्याला. आरशात जीभ बघायची. एक 'क' आणि 'ख' यांच्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. 'ख'साठी तळहातावर कागदाचा कपटा ठेवायचा, तो उडाला पाहिजे. शेवटी उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तो 'ख' घेऊन करायचं काय, म्हणजे खगोल काय, खंड काय, ते कोणी शिकवलंच नाही. दहावी होईपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मला माहीत नव्हतं.

भाषा रात्री मिळायची. वसतिगृहात निजायची वेळ झाली की बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा खिडकीतून आत यायचा. त्या उजेडाच्या पट्ट्यात आम्ही दहाबारा जण बसायचो आणि मोठी मुलं गोष्टी सांगायची. ज्याचे आईवडील कर्णबधिर, तो आमचा खरा मास्तर. दिवसा शिकलेलं सगळं विसरलो. रात्रीचं एकूण एक आठवतंय.

त्या गुरुजींचा राग नाही. त्यांना कोणीतरी असंच शिकवलं होतं.

~

निळीशाई

वाटसरूकाका, तुमच्या गुरुजींना "कोणीतरी" शिकवलं त्याचा माग बराच मागे, १८८० पर्यंत जातो. त्या सप्टेंबरात इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की खुणांपेक्षा तोंडी पद्धत श्रेष्ठ. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर होते एक, जेम्स डेनिसन. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधी चित्र वेगळं होतं. अमेरिकेतली कर्णबधिरांची पहिली कायमची शाळा १८१७ साली हार्टफर्डला निघाली, तेव्हा तिथे शिकवायला पॅरिसहून लोराँ क्लेर्क आले होते आणि ते स्वतः कर्णबधिर होते. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेने व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला, तोपर्यंत २०१० उजाडलं होतं.

तुमच्या व्हरांड्यातल्या दिव्यावरून निकाराग्वा आठवलं. तिथे १९७७ नंतर मानाग्वात कर्णबधिर मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र आली. १९८३ पर्यंत दोन शाळांत मिळून ४००हून जास्त. शिक्षक स्पॅनिश ओठवाचन शिकवत होते, ते फारसं जमत नव्हतं. मुलांनी मैदानात आणि बसमध्ये घरोघरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि त्यातून एक नवी भाषा उभी राहिली. धाकट्या मुलांनी तिला व्याकरण दिलं. १९८६ साली ज्युडी केगल या भाषातज्ज्ञ तिथे गेल्या, तेव्हा शिक्षकांना मुलं काय बोलतात ते कळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट, कारण हल्ली "समावेशन म्हणजे सगळे एका वर्गात" असं धरून चालतात. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरच्या ज्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याचा दाखला त्यासाठी देतात, त्यातच म्हटलंय की कर्णबधिर आणि बधिरांध मुलांच्या संवादाच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे त्यांचं शिक्षण विशेष शाळांत किंवा नेहमीच्या शाळेतल्या विशेष वर्गांत जास्त योग्य रीतीने होऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही, शिक्षणाच्या २४ व्या कलमात, बधिरांध मुलांचा वेगळा उल्लेख आहे.

आणि उंबरठा, तुमच्या मुलाच्या कड्यावरून लॉरा ब्रिजमन ही बधिरांध मुलगी आठवली. १८३७ साली सात वर्षांची लॉरा बोस्टनच्या पर्किन्स शाळेत आली, तेव्हा हेलन केलरचा जन्मही झालेला नव्हता. चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांची चिठ्ठी चिकटवून तिला शिकवायला सुरुवात झाली. पुढे बधिरांध हेलनच्या शिक्षिका झालेल्या अ‍ॅन सलिव्हन याच शाळेत शिकल्या आणि बोटांची अक्षरं, म्हणजे बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर सांगणं, त्या लॉराकडूनच शिकल्या. हेलनच्या तळव्यावर लिहिली गेलेली ती अक्षरं आधी एका बधिरांध बाईच्या हातातून आलेली होती.

~

खडू_फळा

मी नेहमीच्या शाळेत सहावीला शिकवते. वर्गात ५२ मुलं. या वर्षी एक कर्णबधिर मुलगी आलीय, श्रवणयंत्र लावते. ओंजळताईंचा श्रुतलेखनाचा प्रसंग वाचून काल झोप लागली नाही. कारण मीही फिरत फिरतच सांगते. मला खुणांची भाषा येत नाही, माइक नाही, मदतनीस नाही. उद्या सकाळी वर्गात जाऊन मी काय करू, ते सांगा. मोठं काही नको.

~

धुळाक्षर

मॅडम, पंचवीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवतेय, त्यातली सहा तुमच्यासारख्या शाळांमध्ये फिरती शिक्षिका म्हणून. उद्या सकाळचं सांगते.

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. खिडकी तुमच्या पाठीशी आली की तुमचा चेहरा काळा दिसतो, तेव्हा उजेड तुमच्या तोंडावर पडेल अशा जागी उभ्या राहा. तिला अगदी पहिल्या बाकावर मधोमध बसवू नका. दुसऱ्या ओळीत कडेला, थोडं वळून सगळा वर्ग दिसेल असं बसवा. मागचा मुलगा काही बोलला की त्याचं बोलणं तुम्ही परत म्हणा, आधी त्याच्याकडे बोट दाखवून. ही सवय लागायला महिना जाईल. ओरडून बोलू नका, ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो.

वहीत लिहायला खाली मान घातलेली असताना तिला काहीही सांगू नका. बाकीची मुलं लिहिता लिहिता ऐकतात. तिला एका वेळी एकच करता येतं, कारण लिहायला आणि 'ऐकायला' तेच दोन डोळे. हे मी स्वतः तीन वर्षं चुकीचं केलं, कोणी सांगितलंच नव्हतं.

"समजलं का?" विचारू नका. ओंजळने लिहिलंय तशी ती मान डोलवेल. "मी आत्ता काय करायला सांगितलं, ते तू सांग" असं विचारा, आणि फक्त तिलाच नको, रोज चारपाच जणांना विचारा. श्रुतलेखनाचे शब्द वाक्यात घालून, तिच्यासमोर उभं राहून सांगा. नाहीतर तिची परीक्षा वेगळ्या पद्धतीने घ्या, चित्र दाखवून. 'पारा' की 'बारा' हे ओळखण्याची परीक्षा म्हणजे शुद्धलेखन नव्हे.

आणि चौथ्या-पाचव्या तासाला ती टेबलावर डोकं ठेवेल. आळस समजू नका. दिवसभर ओठांवर नजर रोखून अंदाज बांधणं फार थकवतं. घरी गेल्यावर कित्येक मुलं यंत्र काढून अंधाऱ्या खोलीत पडून राहतात आणि घरच्यांना वाटतं रुसलीय. जड विषय सकाळी घेता आला तर बघा.

कवडसा यांनाही एक सांगते. खुणा शिकवल्या की मूल बोलत नाही, ही भीती मी आयांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं पाहिली. माझ्यासमोर वाढलेल्या मुलांत मला तसं दिसलं नाही. मला दिसलं ते हे, की पाच वर्षांपर्यंत कुठलीच भाषा पुरी न मिळालेली मुलं पुढे बोलण्यातही अडतात, वाचण्यातही आणि विचार मांडण्यातही. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी येतात. भाषा घरात आयती मिळेल याची खात्री नसते. इम्प्लांट करा, जरूर करा. त्याचा उपयोग किती होईल हे कळेपर्यंत मुलाला थांबवून ठेवू नका.

~

सांजवाट

धुळाक्षरताई, एक भर घाला. ती मुलगी अंधारात अडखळते का, पायरी चुकते का, तेही बघायला सांगा.

~

धुळाक्षर

हो, बरोबर. मॅडम, हे नक्की बघा.

~

कवडसा

धुळाक्षर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलीला दाखवला. ती म्हणाली, "मला ती हातांची भाषा शिकायची आहे, आपल्या क्लिनिकमध्ये येणारी दोन मुलं बोलतात तशी." मला हे माहीतच नव्हतं. वेटिंग रूममध्ये ती त्यांच्याकडे बघत बसते, एवढंच मला माहीत होतं.

~

ओंजळ

सगळ्यांचे आभार. नात्यातल्या त्या मुलीला अखेर उत्तर लिहिलं. शाळेचं नाव सांगितलं नाही. लिहिलं की शाळा बघायला जाशील तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत कमी बस आणि मधल्या सुट्टीत मैदानावर जास्त उभी राहा. तिथलं एखादं कर्णबधिर मूल शोध आणि पंधरा मिनिटं बघ, त्याच्याशी कोण बोलतं, ते कोणाशी बोलतं, ते हसतं तेव्हा इतरांबरोबर हसतं की इतरांचं बघून अर्ध्या क्षणाने हसतं. मी सात वर्षं त्या अर्ध्या क्षणाने हसले. विशेष शाळा असेल तर वर्गातली वही उघडून बघ, कुठल्या इयत्तेचं गणित चाललंय. शिक्षकांत कोणी कर्णबधिर आहे का, हे विचार. आणि शाळा कुठलीही असो, तू खुणा शिकायला आजपासून लाग, कारण मुलाची पहिली शाळा तू आहेस आणि तो तीन वर्षांचा झालासुद्धा.

तिने विचारलं, "मला जमेल?" मी शनिवारी तिच्याकडे जातेय.

~

उंबरठा

खूप दिवसांनी येतेय. आमच्या शाळेतल्या बाईंना हा धागा दाखवला होता. त्यांनी कर्णबधिरांच्या शाळेतल्या दोन मोठ्या मुलींना आठवड्यातून एकदा बोलवायला सुरुवात केलीय. त्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी मनगटात मऊ लोकरीचा गोंडा बांधून आणला, कोणी न सांगता. तो तीन वेळा चाचपून बघितला त्याने. गेल्या मंगळवारी ती आली नाही, ताप होता. तो कप्प्यांच्या पेटीपाशी गेला, गोंड्याचा कप्पा रिकामा होता, तिथे हात ठेवून थांबला. बाईंनी त्याच्या हातांत "आज नाही" सांगितलं. तो रडला. आणि मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

~

खडू_फळा

धुळाक्षरताई, दीड महिना झाला. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय अजून पूर्ण गेलेली नाही, पण आता वर्गातली मुलंच हात हलवून मला वळवतात. मुलांचं बोलणं परत म्हणते. त्याचा फायदा मागच्या बाकांनाही होतोय, त्यांनाही आधी ऐकू येत नव्हतं म्हणे. गटकार्य मात्र फसतंय. सहा मुलं एकदम बोलतात आणि ती वहीत फुलं काढत बसते. मी पेन फिरवायला सांगितलं, ज्याच्या हातात पेन त्यानेच बोलायचं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी विसरले.

परवा विज्ञानाच्या तासाला मागून कोणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले. मी परत सांगायच्या आत तिने मागे वळून, मोठ्याने विचारलं, "काय म्हणाला तो?" आणि त्या मुलाने उभं राहून परत सांगितलं.

डोळे तपासून घेतले, ठीक आहेत. अजून एक विचारायचंय. खेळाच्या तासाला शिट्टी तिला ऐकू येत नाही, ती धावतच राहते आणि मुलं ओरडतात. तिथे काय करू?

~

ओंजळ

मॅडम, रंगीत रुमाल घ्या. शिट्टी वाजवतानाच तो उंच हलवा, आणि पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना सांगा की रुमाल दिसला की थांबायचं, शिट्टीवर नाही. कोणी थांबलेलं दिसलं की तिलाही थांबता येईल. रुमाल लाल किंवा नारिंगी घ्या, हिरव्या मैदानावर लांबून दिसतो. आणि गटकार्याचं पेन सोडू नका हो. तिसऱ्या दिवशी विसरलं तर चौथ्या दिवशी परत सुरू करा. तिलाच पेनाची राखणदार करून बघा.